हजार मालकांचा मॉल: भांडुपच्या ‘ड्रीम्स’चं प्रकरण

संध्याकाळी सातच्या सुमाराला भांडुप स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की पाय ठेवायला जागा नसते. भाजीवाले, गजरेवाल्या, मोबाइलची कव्हरं टांगलेल्या टपऱ्या, वडापावच्या गाड्या. लोकलमधून उतरलेली माणसं खांद्यावरची बॅग सावरत मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत असतात. पाचदहा रुपयांची घासाघीस चालू असते. तिथून चालत लालबहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजे आमच्या एलबीएसवर आलं की एक अजस्र इमारत लागते. तिच्यात दिवा नाही. ती म्हणजे ‘ड्रीम्स द मॉल’. शेजारी त्याच नावाच्या निवासी संकुलात घराघरांत ट्यूबलाइट लागलेल्या असतात, आणि मधोमध हा काळोखाचा चौकोन.

सोसायट्यांचे आणि गाळेधारक संस्थांचे हिशेब लिहिणं हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे ही इमारत दिसली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हाच: इथल्या देखभालीची वर्गणी कोण कुणाकडून गोळा करत होतं? ऑनलाइन खरेदी आली आणि मॉल बसले, असं सगळे म्हणतात. भांडुपच्या बाबतीत मला ते पटत नाही. याच एलबीएसवर काही किलोमीटर दक्षिणेला घाटकोपरचं आर सिटी आहे. तेही ड्रीम्सच्या आगेमागेच, २००९ मध्ये उघडलं, आणि रविवारी तिथे पार्किंगला रांग लागते. रस्ता एक, गिऱ्हाईक एक, काळ एक. वेगळी होती ती मालकी.

गाळे विकून उभा राहिलेला मॉल

मुंबईतल्या मॉलची सुरुवात १९९९ मध्ये हाजीअलीजवळच्या क्रॉसरोड्सपासून धरतात. तिथे सुरुवातीला गर्दी आवरेना, म्हणून मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा नाहीतर ६० रुपये भरा, असा नियम केला होता. मॉल ही तेव्हा बघायला जायची गोष्ट होती. पुढच्या दहा वर्षांत ही लाट उपनगरांत आली. एलबीएस हा मुळात कारखान्यांचा रस्ता. कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत भोंगे वाजायचे. एकेक कारखाना बंद पडत गेला आणि त्या पट्ट्यात टॉवर आणि मॉल उगवले. मुलुंडला निर्मल लाइफस्टाइल, भांडुपला ड्रीम्स, घाटकोपरला आर सिटी, २०११ मध्ये कुर्ल्याला फिनिक्स मार्केटसिटी.

ड्रीम्स बांधला हाउसिंग डेव्हलपमेंट अँड इन्फ्रास्ट्रक्चर लिमिटेड, म्हणजे एचडीआयएल या कंपनीने. आत हजाराच्या घरात गाळे काढले आणि ते सुटे सुटे विकले. बिल्डरच्या दृष्टीने हा सरळ हिशेब असतो. मॉल भाड्याने चालवायचा तर पैसा वर्षानुवर्षं थोडा थोडा येतो, वर कर्जाचं व्याज चालूच. गाळे विकले की बांधकाम चालू असतानाच पैसा हातात पडतो.

असे गाळे घेणारी माणसं कोण असतात ते मी जवळून पाहिलं आहे. शेअर बाजाराला घाबरणारा, बँकेतल्या व्याजावर समाधान नसलेला मध्यमवर्गीय. फंडाचे किंवा स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आलेले असतात. मुलाला नोकरी नाही लागली तर निदान दुकान तरी असेल, हा विचार असतो. ब्रोशरवर सरकत्या जिन्याचं चित्र असतं. दोनशे फुटांचा गाळा म्हणून पैसे मोजले जातात आणि ताबा घेताना टेप लावली तर आत सव्वाशे फूट भरतात. उरलेलं ‘लोडिंग’, म्हणजे मधला पॅसेज, लॉबी, जिने, स्वच्छतागृह यांतला वाटा. हा वाटा कागदावर प्रत्येकाचा असतो आणि झाडू मारायची वेळ आली की कुणाचाच नसतो.

आर सिटी किंवा फिनिक्समध्ये गाळा विकत मिळत नाही. संपूर्ण मॉल एका मालकाचा, दुकानं भाड्याने. मालकाला कळतं की तिसऱ्या मजल्यावर कुणी चढत नाही, तर तिथे असं काहीतरी आणून बसवायचं की माणसाला चढावंच लागेल. आर सिटीने २०१३ मध्ये किडझेनिया आणलं ते याच विचाराने. मुलं आत खेळतात, आईबाप खाली तीनचार तास घालवतात. मोठ्या ब्रँडला मालक कमी भाड्यात बोलावतो, कारण त्याच्यामुळे येणाऱ्या गर्दीवर बाकीच्या शंभर दुकानांचं भाडं वसूल होतं. ही देवाणघेवाण एकाच खिशात होते म्हणून जमते. ड्रीम्ससारख्या ठिकाणी तळमजल्यावरच्या गाळेवाल्याने तिसऱ्या मजल्यावरच्या गाळेवाल्यासाठी आपलं भाडं का सोडावं? तो सोडत नाहीच. एकाच्या शेजारी एक तीच मोबाइल दुरुस्ती, तेच कपडे, मध्ये एखादा क्लास, आणि बाकी शटर खाली.

याच भागात तिसरा नमुनाही आहे. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये इथून जवळच पवईला उघडलं. जागा बहुतेक स्वतःची, सजावट बेताची, तांदूळ-साबण-तेल स्वस्त. भांडुपच्या माणसाला महिन्याचं सामान तिथे मिळतं, रोजची भाजी स्टेशनच्या वाटेवर मिळते, आणि सहा महिन्यांतून एकदा चैन करायची तर तो रिक्षा करून घाटकोपरला जातो. ड्रीम्सकडे वळायला त्याला स्वतंत्र कारण लागलं असतं, आणि ते कारण शोधून आणायला तिथे एक डोकं नव्हतं.

वर्गणीचं गणित

मॉल कसा बसत जातो हे आकड्यांत मांडतो. आकडे ड्रीम्सचे नाहीत, समजायला घेतलेले आहेत. समजा, चार लाख फुटांचा मॉल आहे. वीज, एसी, लिफ्ट, सरकते जिने, वॉचमन, सफाई, पाण्याचे पंप, आगीच्या यंत्रणेची देखभाल असा सगळा खर्च महिन्याला साठ लाख. म्हणजे फुटाला १५ रुपये. दोनशे फुटांच्या गाळ्याला ३,००० रुपये वर्गणी आली. गाळ्याचं भाडं येतंय २०,०००. मालक कुरकुरत का होईना, भरतो.

आता तिसऱ्या मजल्यावरच्यांना भाडेकरू मिळत नाही. त्यांनी वर्गणी थांबवली. पैसे देणारे राहिले साठ टक्के. खर्च तेवढाच. फुटाला २५ रुपये, गाळ्याला ५,००० रुपये. समिती म्हणते एवढं कुणी देणार नाही, खर्च कमी करू. पहिला एसी कमी होतो. मग दोनपैकी एक सरकता जिना बंद. स्वच्छतागृहाला कुलूप. गिऱ्हाईक घटतं, भाडं २०,००० वरून ८,००० वर येतं, आणखी लोक थकबाकीत जातात. देणारे चाळीस टक्के उरले की मूळ खर्चाच्या हिशेबाने गाळ्याला ७,५०० रुपये येतात आणि भाडं मात्र ८,००० च. वर पालिकेचा मालमत्ता कर आहेच. दुकान बंद आहे म्हणून तो थांबत नाही. या टप्प्यावर शहाणा माणूससुद्धा शटर ओढून घरी बसतो. यात कुणी वाईट नसतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता बरोबर असतो, आणि सगळ्यांचे मिळून इमारत मरते.

घराच्या सोसायटीत असं सहसा होत नाही, कारण माणसं तिथे राहतात. पाणी गेलं की रात्री दहा वाजता सेक्रेटरीचं दार वाजतं. गाळ्याचा मालक डोंबिवलीला असतो, नाशिकला असतो, दुबईला असतो. नळ गळतोय हे त्याला दिसत नाही.

कपातीच्या यादीत आणखी एक ओळ असते, जी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही: आगीची यंत्रणा. जिना बंद पडला की गिऱ्हाईक बोलतं. स्प्रिंकलरचा पंप बंद पडला तर कुणीच बोलत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत ‘बी’ फॉर्म, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यायचा असतो. कायदा चांगला आहे. पण हजार मालक असलेल्या, निम्मे थकबाकीत गेलेल्या इमारतीत ‘मालक’ या शब्दासमोर नाव कुणाचं लिहायचं?

२०१८ ते २०२१

ड्रीम्सचा कारभार इतका विस्कटला की २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने त्यावर प्रशासक नेमला. त्यानंतरच्याच वर्षी मूळ बिल्डर कोसळला. ऑगस्ट २०१९ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून एचडीआयएल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर, म्हणजे पीएमसीवर निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढायची मुभा ठेवली. पीएमसीच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल समूहाकडे अडकली होती आणि ती खोट्या खात्यांआड लपवली होती, असं तपासात पुढे आलं. एचडीआयएलच्या प्रवर्तकांना ऑक्टोबरमध्ये अटक झाली.

भांडुपकरांना यातली एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. पीएमसीचं मुख्य कार्यालय याच ड्रीम्स मॉलमध्ये होतं. कर्ज देणाऱ्या बँकेचं मुख्यालय कर्ज घेणाऱ्याने बांधलेल्या इमारतीत! त्या सप्टेंबरात पासबुकं घेऊन आलेल्या ठेवीदारांची गर्दी आम्ही इथेच पाहिली. मुलीच्या लग्नाचे, औषधाचे पैसे अडकलेली माणसं होती ती. ठेवीदारांना आवाज होता, टीव्हीचे कॅमेरे होते, पुढे २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरणही झालं. त्याच इमारतीतल्या गाळेवाल्यांचं नुकसान मात्र बातमी झालं नाही, कारण ते एका दिवसात झालं नव्हतं.

मग कोविड आला. दुकानं बंद, पण रुग्णालयाला खाटा हव्या होत्या. मॉलच्या वरच्या, तिसऱ्या मजल्यावर सनराइज रुग्णालय सुरू झालं. कोविडच्या निकडीमुळे त्याला तात्पुरती परवानगी दिली होती आणि तिची मुदत ३१ मार्च २०२१ ला संपणार होती, असं तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीच नंतर सांगितलं. २५ मार्चच्या मध्यरात्री मॉलच्या पहिल्या मजल्यावर आग लागली. धूर वर चढला. वर सत्तरहून अधिक रुग्ण होते, त्यांतले बरेच ऑक्सिजनवर, काही व्हेंटिलेटरवर. शिड्या लावून, खिडक्यांतून माणसं उतरवली गेली, रुग्णवाहिका मुलुंडच्या जम्बो केंद्राकडे आणि आसपासच्या रुग्णालयांकडे धावत होत्या. दहाच्या आसपास रुग्ण गेले. मॉलमधलं रुग्णालय मी पहिल्यांदाच पाहतेय, असं त्या सकाळी महापौर किशोरी पेडणेकर म्हणाल्या. सरकारने मृतांच्या नातेवाइकांना पाच लाखांची मदत जाहीर केली, गुन्हा दाखल झाला, चौकशी लागली.

त्याआधी पाच महिने, ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलची आग विझायला दोन दिवसांहून जास्त लागले होते. त्यानंतर अग्निशमन दलाने शहरभर मॉल तपासले आणि त्रुटी आढळलेल्यांना नोटिसा दिल्या. ड्रीम्सलाही नोटीस होती. नोटीस मिळाल्यावर एकाच मालकाचा मॉल काय करतो? कंत्राटदार बोलावतो, चेक फाडतो, पंप चालू करून घेतो. ड्रीम्समध्ये चेक फाडायला आधी वर्गणी गोळा व्हायला हवी होती, आणि वर्गणीचं काय झालं असणार ते वरच्या गणितात आलंच. आगीचं तांत्रिक कारण काही असो, ती मृत्यू घेऊन वर पोचली त्या वाटेवर हे थकलेले हिशेब पडले होते, असं मी मानतो. मनाला फार लागलेली गोष्ट आहे ही.

बंद इमारत

आगीनंतर मॉल बंद झाला तो बंदच आहे. वर्षभराने, मार्च २०२२ मध्ये रिकाम्या इमारतीला पुन्हा आग लागली. तळघरात पाणी साचून राहिलं. पंप बंद, वीज नाही, त्यामुळे पावसाचं शिरलेलं पाणी बाहेर काढणारं कुणी नाही. २०२५ मध्ये या पाण्यात मृतदेह सापडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा शेजारच्या सोसायट्यांत आयाबाया मुलांना त्या बाजूला फिरकू देईनात. डासांचा त्रास, अंधारातून जाणारी वाट, भुरट्यांचा वावर. मॉलचा एकही गाळा ज्यांच्या नावावर नाही, ते या मॉलची किंमत रोज भरत आहेत.

ड्रीम्स एकटा नाही. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीने २०२३ च्या पाहणीत देशातल्या आठ मोठ्या शहरांत ६४ मॉल ‘ओस’ म्हणून मोजले. चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेला मॉल ओस, असा त्यांचा निकष. एकूण जागा १.३३ कोटी चौरस फूट, आणि आदल्या वर्षी असे मॉल ५७ होते. माझ्या पाहण्यातले जे मॉल असे आहेत, त्यांतले बहुतेक सुटे गाळे विकलेले.

पुढे काय होऊ शकतं

पहिला मार्ग दुरुस्तीचा. आगीत तापलेल्या आणि वर्षानुवर्षं पाण्यात पाय असलेल्या इमारतीचं आधी स्ट्रक्चरल ऑडिट लागेल. ती टिकाऊ निघाली तरी नवी वायरिंग, लिफ्ट, आगीची यंत्रणा यांचा खर्च गाळेवाल्यांनीच घालायचा. ज्या माणसाला पंधरा वर्षांत मुद्दलही निघालेलं नाही, त्याच्याकडे परत पैसे मागायचे. शिवाय दुरुस्त झालेला मॉलही हजार मालकांचाच राहील. हा मार्ग मला बंद दिसतो.

दुसरा मार्ग पाडून पुनर्विकासाचा. जागेला किंमत आहे, याबद्दल वाद नको. स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ, आणि एलबीएसवरून वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४ येते आहे. तिची एकट्या भांडुप परिसरातच ‘भांडुप महापालिका’, ‘भांडुप मेट्रो’, ‘शांग्रिला’ अशी स्थानकं आहेत. त्या मेट्रोच्या पत्र्यांनी २०१८ पासून रस्ता अडवून ठेवलाय, पण पत्रे निघतील तेव्हा या जमिनीकडे बघण्याची नजर बदलेल. अडचण पैशांची कमी आणि सह्यांची जास्त. कुणाच्या गाळ्यावर बँकेचं कर्ज, कुणी मालक वारलेला आणि वारसांत भांडण, कुणाचा करार नोंदवलेला पण मूळ प्रत आगीत गेली. एचडीआयएलच्या मालमत्ता एकीकडे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत, दुसरीकडे ईडीच्या जप्तीत. बिल्डर येतो, चहा घेतो, कागद बघतो आणि शेजारच्या सोसायटीचा पुनर्विकास घेऊन जातो.

तिसरा मार्ग माझ्या मते खरा, आणि त्यावर फार कमी बोललं जातं: गाळेवाल्यांनी गाळा हा शब्द सोडून हिस्सा हा शब्द धरायचा. म्हणजे तळमजला, तिसरा मजला, कोपरा, लिफ्टसमोरचा, असले फरक एका ठरलेल्या मूल्यांकनाने एकदाच मिटवून सगळी मालकी एका संस्थेत ओतायची आणि जमिनीचा व्यवहार एका सहीने करायचा. ज्याला पैसे हवेत त्याने हिश्श्याचे पैसे घ्यावेत, ज्याला जागा हवी त्याला नव्या इमारतीत जागा. १९६३ च्या आपल्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅटमालकीच्या कायद्यात ‘फ्लॅट’च्या व्याख्येत दुकान आणि गोदामही येतं. बिल्डरने संस्थेच्या नावे जमीन करून दिली नाही तर मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोयही त्यात आहे. कायद्याचं दार पूर्ण बंद नाही. तळमजलेवाले कबूल होतील का? सुरुवातीला नाही होणार. ‘माझा रस्त्यावरचा आहे’ हे वाक्य मी अशा प्रत्येक सभेत ऐकलं आहे. पण बंद इमारतीत रस्त्यावरच्या गाळ्याचं भाडं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्याचं भाडं आज सारखंच आहे, शून्य. बोलणी करायला याहून बरी वेळ येणार नाही, कारण मेट्रो सुरू झाली की पुन्हा प्रत्येकाला आपापला कोपरा सोन्याचा वाटू लागेल.

तोवर एक काम पालिकेने किंवा प्रशासकाने थांबू नये असं आहे: तळघरातलं पाणी उपसणं, आणि ते दर पावसाळ्याआधी. त्याचा खर्च थकबाकीत टाका, पुढच्या व्यवहारातून वसूल करा, पण पाणी काढा.

आणि या मॉलमध्ये, किंवा अशा कुठल्याही मॉलमध्ये ज्यांच्या घरच्यांनी कधीकाळी गाळा घेतला असेल, त्यांनी एवढं करावं. नोंदणी कार्यालयातून गाळ्याचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा, काढून घ्यावा. करारनाम्याची प्रमाणित प्रत मागवावी. कराच्या आणि वर्गणीच्या जुन्या पावत्या एका फाइलीत लावाव्यात. मूळ मालक हयात नसेल तर वारसनोंदीचं काम आताच उरकावं. गेल्याच महिन्यात माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, दुसऱ्या एका मॉलच्या कामाने. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. प्लास्टिकच्या पिशवीत, एकात एक घड्या घालून त्यांनी सगळे कागद जपले होते, शटरच्या किल्लीसकट. गाळा अजून यजमानांच्याच नावावर होता. त्यांचा अर्ज आम्ही परवा भरला.